रुग्णवाहिका सेवेचे प्रमुख झालात? कायद्याच्या बाजूने पहिले नव्वद दिवस

खुर्चीत बसून मला अकरा दिवस झाले होते. पोलीस ठाण्यातून फोन आला. हवालदार म्हणाले, "साहेब, गाडीचे कागद नकोत. त्या रात्रीचं ऑक्सिजनचं रजिस्टर घेऊन या."

रजिस्टर होतं. रोज सकाळी आठला, एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेलं: ओके, ओके, ओके. गाडी तीन दिवस गॅरेजला उभी होती, त्या तीन दिवसांतही ओके. त्या रात्री सिलिंडर खरंच भरलेला होता, असं गाडीवरच्या ईएमटीने (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाने) शपथेवर सांगितलं आणि माझा त्याच्यावर विश्वासही होता. पण त्या वहीने त्याच्या खरेपणाची माती केली. गॅरेजातल्या गाडीला 'ओके' देणाऱ्याचं त्या रात्रीचं 'ओके' कोण मानणार?

त्या दिवसापासून मी जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो आहे. मी वकील नाही. ट्रस्टची, पालिकेची, कारखान्याची किंवा खासगी रुग्णवाहिका सेवा ज्यांच्या गळ्यात नव्याने पडली आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी: हे पद पूर्वीचं राहिलेलं नाही

रुग्णवाहिका विभागाचा प्रमुख म्हणजे एकेकाळी सगळ्यात जुना ड्रायव्हर. डिझेल, टायर, ड्युटीचा तक्ता, संपलं. गोव्यात 2008 मध्ये आणि महाराष्ट्रात जानेवारी 2014 पासून 108 सेवा सुरू झाली. आपल्याकडे सुरुवातीला 937 गाड्या होत्या, त्यातल्या 233 प्रगत जीवरक्षक आणि 704 प्राथमिक. गाडीत डॉक्टर आला, ड्रायव्हरचा 'पायलट' झाला, कॉल रेकॉर्ड होऊ लागला, जीपीएस बसलं. लोकांच्या मनातलं मापही बदललं. आता नातेवाईक फक्त 'गाडी उशिरा का आली' एवढंच विचारत नाहीत, 'गाडीत काय केलंत' हेही विचारतात. त्यामुळे प्रमुखाचं काम गाड्या पाठवण्यापुरतं उरलेलं नाही. कोणी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे ठरवून लिहून ठेवणं आता त्याच्याकडे आलं आहे. त्यासाठी वेगळा पगार नाही, हे ओघाने आलंच.

पायरी 1: तुमची सेवा कायद्याच्या कोणत्या घरात बसते ते पाहा

पहिल्या आठवड्यात एक कागद घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. आरसी बुकावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे? माणसं कोणाच्या पगारावर आहेत? रुग्णाकडून पैसे घेता का?

तिसऱ्या प्रश्नावर बरंच अवलंबून आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात सांगितलं. सर्वांना पूर्ण मोफत दिलेली सेवा मात्र त्यातून वगळली. पैसे घेत असाल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत तक्रार येऊ शकते. सरकारी मोफत सेवेला ही भीती कमी, पण ती निर्धास्त नाही. पश्चिम बंगालमध्ये 1992 साली रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते जीविताच्या मूलभूत हक्काचं उल्लंघन ठरवलं, भरपाई दिली आणि साधनं व माणसं असलेल्या रुग्णवाहिका हव्यात, असं सरकारला बजावलं.

दुसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त लोक फसतात. "तो ठेकेदाराचा माणूस आहे" हे वाक्य कोर्टात फारसं टिकत नाही. सविता गर्ग प्रकरणात 2004 मध्ये न्यायालयाने सांगितलं की, बाहेरून बोलावलेल्या डॉक्टरच्या निष्काळजीपणासाठीही रुग्णालय जबाबदार धरता येतं. रुग्ण तुमच्या नावाकडे पाहून आलेला असतो, ठेकेदाराशी त्याची ओळखही नसते. म्हणून ठेक्याचा करार मागवून वाचा. मी वाचला तेव्हा त्यात विम्याचा उल्लेख होता, पण रक्कम कोरी होती.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ मध्ये 'गुड समॅरिटन'ला संरक्षण आहे. ते स्वेच्छेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्याला. तुमची पगारी टीम त्यात बसत नाही. हे मी प्रत्येक नव्या बॅचला सांगतो आणि दर वेळी दोन-तीन चेहरे पडतात.

पायरी 2: कोण काय करू शकतो, याची यादी

ही पायरी वेळ खाते. खाऊ द्या.

भारतीय न्याय संहितेचं कलम 106(1) काढून वाचा. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर पाच वर्षांपर्यंत कैद. उपचार करताना हे घडलं आणि करणारा 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक' असला तर दोन वर्षांपर्यंत. पण त्या शब्दांची व्याख्या खालच्या स्पष्टीकरणात आहे: राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली मान्य पदवी आणि त्या रजिस्टरमध्ये नाव. आपल्या गाड्यांवर बहुसंख्य डॉक्टर बीएएमएस आहेत. त्यांचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये असतं. ईएमटी आणि पायलट तर त्या व्याख्येच्या जवळपासही नाहीत. म्हणजे एखादा एमबीबीएस सोडला तर गाडीतल्या कोणालाही दोन वर्षांची मर्यादा गृहीत धरता येत नाही. मुंबईच्या वातानुकूलित आयसीयूतल्या एमडीला जी सवलत आहे, ती घाटात टॉर्चच्या उजेडात सलाईन लावणाऱ्याला नाही. मला हे पटत नाही, पण कायदा आज असा आहे.

शिवाय 1996 चं पूनम वर्मा प्रकरण आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली. न्यायालय म्हणालं, ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यात उपचार करणं हाच निष्काळजीपणा. आयुर्वेदाच्या पदवीधरांना महाराष्ट्राच्या नियमांनी काही मुभा दिली आहे, पण ती त्यांच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत. म्हणून यादी अशी करा:

डावीकडे कृती लिहा: ऑक्सिजन, सक्शन (घशातला स्राव ओढून काढणं), एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र), शिरेतून सलाईन, ॲड्रेनॅलिन, श्वासनलिकेत नळी घालणं, प्रसूती. वरच्या ओळीत माणसं: एमबीबीएस, बीएएमएस, नर्स, ईएमटी, पायलट. प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक शब्द: 'स्वतः', 'फोनवरच्या डॉक्टरच्या आदेशाने', 'नाही'. ही यादी तुम्ही एकट्याने भरू नका. एक एमबीबीएस किंवा त्याहून वरचा डॉक्टर वैद्यकीय संचालक म्हणून लेखी नेमा, सही त्याची घ्या. 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टर दुसऱ्या ठिकाणच्या आरोग्य कर्मचाऱ्याला सल्ला देऊ शकतो. पण तो कॉल रेकॉर्ड झाला पाहिजे आणि केस पेपरवर डॉक्टरचं नाव, वेळ, आदेश उतरला पाहिजे.

ईएमटीच्या प्रमाणपत्रांची छाननी त्याच वेळी करा. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या परिशिष्टात आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ आणि प्रगत पॅरामेडिक यांचा समावेश आहे. नोंदणीची व्यवस्था उभी राहील तसतशी 'तीन महिन्यांचा कोर्स, शनिवार-रविवार' ही प्रमाणपत्रं अंगाशी येतील. आमच्याकडे एका प्रमाणपत्रावर संस्थेचा पत्ता झेरॉक्सच्या दुकानाचा निघाला.

आणि गाडी? एआयएस-125 या मानकात रोड रुग्णवाहिकेचे चार प्रकार आहेत, ए ते डी. बी म्हणजे नुसती ने-आण, सी म्हणजे प्राथमिक जीवरक्षक, डी म्हणजे प्रगत. बी प्रकारच्या गाडीवर 'कार्डियाक' असं लाल अक्षरांत रंगवून व्हेंटिलेटरचा रुग्ण न्यायला गेलात, तर ग्राहक आयोगापुढे तुमचा रंगच तुमच्याविरुद्ध साक्ष देईल. स्टिकर आधी काढा.

पायरी 3: ड्युटी बदलताना सिलिंडर

निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात डॉक्टरांना संरक्षण देणारा 2005 चा जेकब मॅथ्यू निकाल सगळे वाचतात. तो खटला कशावरून झाला, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं. लुधियानातल्या रुग्णालयात श्वास अडकलेल्या रुग्णाला ऑक्सिजन लावायला गेले, सिलिंडर रिकामा निघाला. दुसरा आणून जोडेपर्यंत काही मिनिटं गेली, रुग्ण गेला. सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरवरचा फौजदारी खटला रद्द केला. पण त्याच निकालात म्हटलं की, सिलिंडर नसणं किंवा रिकामा असणं, याबद्दल रुग्णालय दिवाणी कायद्याखाली जबाबदार ठरू शकतं. म्हणजे बोट डॉक्टरवरून सरकून साठा सांभाळणाऱ्या व्यवस्थेकडे वळतं. रुग्णवाहिकेत ती व्यवस्था म्हणजे तुम्ही.

म्हणून 'ओके' हा शब्द रजिस्टरातून हद्दपार करा. सिलिंडरसमोर आकडा लिहायचा, गेजवर दिसतो तो. सक्शन चालू करून दाब, एईडीची बॅटरी, पॅडची मुदत. लॅरिंगोस्कोपचा (नळी घालताना घशात पाहायच्या उपकरणाचा) दिवा लावून बघायचा. सह्या दोन, जाणाऱ्याची आणि येणाऱ्याची. गेजचा फोटो काढायला लावला तर उत्तम. फोटोवर वेळ असते. गाडी बंद असेल तर त्या दिवशी आडवी रेघ आणि 'गॅरेज' एवढाच शब्द.

आकडा ठरलेल्या मर्यादेखाली असेल तर गाडी ऑफ रोड काढायचा अधिकार ईएमटीला लेखी द्या. तो त्याने वापरला तर त्याच्यावर ओरडू नका. एकदा ओरडलात की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा 'ओके' सुरू.

वापरलेल्या सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम गाडीलाही लागू आहेत. एवढं पुरे.

पायरी 4: सायरन

वाहन चालवण्याच्या 2017 च्या नियमावलीत रुग्णवाहिकेला लाल सिग्नल ओलांडण्याची, वेगमर्यादा मोडण्याची, एकेरी रस्त्यावर उलट जाण्याची मुभा आहे. पण त्यात शब्द आहेत: स्वतःच्या जबाबदारीवर, पुरेशी काळजी घेऊन. आणि मुभा फक्त तातडीच्या कामावर असताना, सायरन आणि दिवा चालू ठेवून. रुग्ण सोडून रिकामी परतणारी गाडी ही साधी गाडी. चहाच्या टपरीपर्यंत सायरन वाजवत जाणारा पायलट तुमच्याकडेही असेल; त्याला पहिल्या महिन्यात शोधा.

अपघात झालाच तर दावा प्राधिकरणापुढे मालक आणि विमा कंपनी दोघे उभे राहतात. परवाना किंवा फिटनेस संपलेला असला तर विमा कंपनी पैसे भरून ते मालकाकडून वसूल करू शकते. त्यामुळे परवाना, फिटनेस, विमा, पीयूसी यांच्या तारखा एका तक्त्यात, मुदतीच्या साठ दिवस आधी सूचना येईल अशा. आणि सलग चोवीस तास ड्युटी केलेल्या पायलटला रात्रीची लांबची शिफ्टिंग देऊ नका. हजेरीपट पोलीसही वाचतात.

पायरी 5: घरापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत

बेशुद्ध माणसाची संमती कोण देणार? न्याय संहितेचं कलम 30 आणि समीरा कोहली प्रकरणातला 2008 चा निकाल, दोन्हीतून एकच कळतं: जीव वाचवण्यासाठी, वेळ नसताना, सद्भावनेने केलेल्या कृतीला संमतीवाचून संरक्षण आहे. अडचण येते ती शुद्धीतल्या, हिंडत्याफिरत्या माणसाची. "मला काही झालेलं नाही, परत जा." नकार घ्यायचा तर छापील फॉर्मवर फक्त सही घेऊ नका. धोका काय सांगितला ते दोन ओळींत, त्याला कळणाऱ्या भाषेत लिहा. डोक्याला मार लागलेला किंवा प्यालेला असेल तर त्याच्या नकारावर विसंबू नका, फोनवरच्या डॉक्टरला जोडा. बायकोची सही नवऱ्याच्या नकाराची जागा घेत नाही.

कोणत्या रुग्णालयात न्यायचं, हा सगळ्यात निसरडा भाग. कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन, आपल्या धंद्यात आहे, नाही म्हणण्यात अर्थ नाही. एका खासगी रुग्णालयाच्या माणसाने मला पहिल्याच महिन्यात मिठाईचा डबा पाठवला, आत पाकीट होतं. डबा परत गेला, पण खरा उपाय म्हणजे लेखी नियम: कोणत्या तऱ्हेचा रुग्ण, कोणत्या भागातून, कुठे. नियम मोडायचा तर कारण केस पेपरवर. रस्ते अपघातासाठी 2025 ची कॅशलेस योजना आहे, दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवसांपर्यंत. तिच्यातली रुग्णालयं तुमच्या यादीत वेगळी दाखवा.

दारात 'बेड नाही' ऐकू येतं तेव्हा? परमानंद कटारा प्रकरण आठवा. स्कूटरवरच्या जखमीला पोलीस केस म्हणून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं, तो वाटेतच गेला. 1989 मध्ये न्यायालय म्हणालं: आधी जीव वाचवा, कागदपत्रं नंतर. तुमच्या टीमने तिथे वाद घालू नये. पोहोचल्याची वेळ, नाही म्हणणाऱ्याचं नाव आणि पद, तिथे काय प्राथमिक उपचार झाले, निघाल्याची वेळ, एवढं लिहावं आणि कंट्रोलला रेकॉर्डिंग चालू असलेल्या लाइनवर कळवावं. हँडओव्हरवर घेणाऱ्याची सही हवीच. तिच्याशिवाय रुग्ण कायद्याच्या नजरेत अजून तुमच्याच गाडीत आहे, असं समजून चाला.

पायरी 6: पोलिसांशी संबंधित केसेस

अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. प्रमुखासाठी कलम 21 त्याहून जड. तुमच्या हाताखालच्या माणसाने असा गुन्हा केल्याचं तुम्हाला कळलं आणि तुम्ही ते दाबलं, तर एक वर्षापर्यंत कैद तुम्हाला. 'संस्थेची बदनामी' हे कारण तिथे चालत नाही.

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला टीमने गुन्हेगारासारखं वागवू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 नुसार तो तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं जातं. जागेवर मृत दिसणाऱ्याला ईएमटीने 'डेड' लिहू नये. 'जीवनलक्षणं नाहीत, वेळ अमुक' असं लिहावं. कपडे कापावे लागले तर कापा, फेकू नका.

अपघातस्थळाचे फोटो टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. बंद करा. 2023 चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. माहिती सुरक्षित न ठेवल्याबद्दलचा दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. एवढा आकडा सांगितल्यावर आमचा ग्रुप एका संध्याकाळीत रिकामा झाला.

पायरी 7: जीपीएस आणि कॉल रेकॉर्डिंग

तुमच्या बचावाचा निम्मा भाग सर्व्हरवर असतो आणि काही दिवसांनी आपोआप पुसला जातो. पुरवठादाराला आजच विचारा: किती दिवस राहतं? मग लेखी कळवा, मृत्यू, अपघात, मारहाण, तक्रार असलेल्या केसची नोंद वेगळी काढून ठेवायची. मी पाच वर्षं ठेवतो, खटला असेल तर तो निकाली निघेपर्यंत.

नुसता पेन ड्राइव्ह कोर्टात चालत नाही. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर निकालात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं की, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. आता साक्ष अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग: एक यंत्रणा सांभाळणाऱ्याचा, एक तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा). तुमच्याकडे हे कोण सही करेल ते नाव आत्ताच ठरवा.

पायरी 8: दुर्घटना घडली, पहिले चोवीस तास

पहिलं, रुग्ण आणि टीम सुरक्षित. टीमवर हात उचलला गेला असेल तर महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्याखाली तक्रार द्या. तो गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तक्रार संस्थेच्या वतीने द्या. मार खाल्लेल्या ईएमटीला एकट्याने ठाण्यात पाठवू नका.

दुसरं, गाडी तशीच उभी करा, सिलिंडर न बदलता, गेजचा फोटो काढून. रेकॉर्डिंग काढून ठेवा.

तिसरं, प्रत्येकाला वेगवेगळं बसवून आपापल्या शब्दांत लिहायला सांगा. एकाने सांगायचं आणि तिघांनी उतरवायचं असं नको. केस पेपरात राहून गेलेलं भरायचं असेल तर आजची तारीख-वेळ टाकून खाली 'नंतरची नोंद' म्हणून लिहा. पान बदललंत तर तो पुरावा नष्ट करण्याचा, न्याय संहितेच्या कलम 238 चा वेगळा गुन्हा. मूळ चूक माफ झाली तरी हा चिकटतो.

चौथं, नातेवाइकांना तुम्ही स्वतः भेटा. काय झालं ते सांगा, कोणाचं चुकलं ते तिथे ठरवू नका. दार बंद करून बसलेल्या प्रमुखाकडे नंतर नोटीसच येते.

पाचवं, पोलिसांची नोटीस आली की आधी कलम वाचा. नागरिक सुरक्षा संहितेचं 94 असेल तर कागद मागितले आहेत. 179 असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. 35(3) असेल तर तुमच्या माणसाकडे संशयाने पाहिलं जातंय, वकिलाशिवाय पाठवू नका. कागद देताना पोच घ्या, प्रत ठेवा. जेकब मॅथ्यू निकालातली, कारवाईआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घेण्याची अट वकिलाला आठवून द्या. ती डॉक्टरांच्या संदर्भातली आहे, ईएमटीसाठी मागून पाहायला हरकत नाही. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा.

पायरी 9: आपल्याच माणसांबद्दल

दहा किंवा अधिक माणसं असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती हवी. रात्रपाळीत पायलटबरोबर एकटी असणारी नर्स हा आपल्या कामातला रोजचा प्रसंग आहे. समितीच्या सदस्यांचे नंबर प्रत्येक गाडीत लावा. चौकशीला नव्वद दिवस मिळतात.

आणि पद सोडताना

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नोटीस ज्या दिवशी येते त्या दिवशी खुर्चीत कोण आहे याला महत्त्व नसतं, घटनेच्या दिवशी कोण होतं ते बघतात. त्यामुळे चार्ज देताना गाड्यांची यादी, तारखांचा तक्ता, वैद्यकीय संचालकाच्या सहीची कृतींची यादी, चालू तक्रारी, राखून ठेवलेल्या रेकॉर्डिंगची सूची, सगळ्यावर घेणाऱ्याची सही घ्या आणि एक संच घरी न्या. माझा संच कपाटात वरच्या फळीवर आहे. त्यातलं सगळ्यात वरचं पान त्या जुन्या ऑक्सिजन रजिस्टरची झेरॉक्स आहे, तीन 'ओके'वर लाल गोल केलेली.